आधी पार्किंग मोजा, मग गाडी बघा

भांडुपहून एका ताईंचं पत्र आलं आहे. थोडक्यात असं:

"घरात मी, मिस्टर, आठवीतला मुलगा आणि 74 वर्षांचे सासरे. मिस्टर मरोळला ट्रेन-बसने जातात, माझी शाळा मुलुंडला. सासऱ्यांचे गुडघे गेलेत, महिन्यातून दोनदा परळला हॉस्पिटलात न्यावं लागतं. रिक्षा सायनच्या पुढे जात नाही आणि टॅक्सीची वाट बघत त्यांना उभं राहवत नाही. गणपती आणि शिमग्याला चिपळूणजवळ गावी जातो. लायसन्स माझ्याकडेच आहे, गेल्या वर्षी काढलं. हातात दोन लाख आहेत. मिस्टरांच्या मित्राची 2019 ची वॅगन आर आहे, पेट्रोल, 52 हजार किलोमीटर, 3 लाख 40 हजार सांगतोय. एका डीलरने 2017 ची ऑटोमॅटिक मोठी हॅचबॅक दाखवली, कल्याण पासिंग, 38 हजार किलोमीटर, फक्त 2 लाख 95 हजार. दीर म्हणतात दुसऱ्याची कटकट कशाला, नवीच घ्या, बेस मॉडेल का असेना. सीएनजी घ्यावी का? सोसायटीत स्टॅक पार्किंग मिळणार आहे. मित्राची गाडी मेकॅनिकला दाखवायची म्हटलं तर त्याला राग येईल का?"

ताई, गाडी कोणासाठी घ्यायची हे तुमच्या पत्रात अगदी स्पष्ट आहे. ती तुमच्या सासऱ्यांसाठी आहे आणि ते पुढे, तुमच्या डाव्या हाताला बसणार आहेत. ती डावी सीट मनात धरूनच मी पुढचं सगळं लिहितोय.

पण सुरुवात पार्किंगपासून. मुंबईत बरेच लोक गाडी बुक करून येतात आणि मग कळतं की ती स्टॅकमध्ये जातच नाही. स्टॅक म्हणजे एकावर एक गाड्या ठेवायचा यांत्रिक मांडव. सोसायटीच्या सेक्रेटरींना विचारून तुमच्या वाट्याच्या पॅलेटची, म्हणजे गाडी ज्यावर उभी राहते त्या लोखंडी फळीची लांबी, रुंदी आणि मुख्य म्हणजे मोकळी उंची लिहून घ्या. वॅगन आरची उंची 1675 मिलिमीटर आहे. जुन्या स्टॅकमध्ये मोकळी उंची पुष्कळदा 1550 च्या आसपासच असते, कारण ते सेडान डोळ्यांसमोर ठेवून बसवलेले असतात. टियागो, स्विफ्ट, ग्रँड आय टेन निओस यांच्या उंच्या 1520 ते 1535 च्या दरम्यान आहेत, त्या बसतील. लांबीची फारशी चिंता नको. करसवलतीसाठी या सगळ्या गाड्या चार मीटरच्या आतच बनवतात. उंची मात्र टेप घेऊन स्वतः मोजा, वॉचमनच्या "होईल हो मॅडम" वर जाऊ नका. मिळणारा पॅलेट वरचा आहे की खालचा, वरचा असेल तर लाईट गेल्यावर गाडी खाली कशी आणतात आणि खालचा खड्ड्यात असेल तर पावसाळ्यात तिथे पाणी साचतं का, हेही विचारून घ्या. भांडुपमध्ये शेवटचा प्रश्न नुसता विचारण्यापुरता नाही.

वॅगन आर पॅलेटवर बसत असेल तर सासऱ्यांसाठी तिच्याइतकी सोयीची छोटी गाडी क्वचितच सापडेल. सीट उंच आहे, दार उभट आहे, त्यामुळे माणसाला खाली वाकून गाडीत शिरावं लागत नाही, आडवं बसून पाय आत घेता येतात. शोरूम असो की मित्राचं घर, सासऱ्यांना सोबत न्या आणि त्यांना तीनदा बसायला-उतरायला लावा. तिसऱ्यांदा उतरताना त्यांचा हात कुठे जातो ते बघा. दाराच्या चौकटीला धरून स्वतःला ओढून घ्यावं लागत असेल तर ती गाडी त्यांच्या कामाची नाही, बाकी कितीही छान असली तरी.

आता मित्राच्या गाडीतला सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा, जो कोणी तुम्हाला सांगितलेला दिसत नाही. ही नव्या पिढीची वॅगन आर जानेवारी 2019 मध्ये आली. तेव्हा एबीएस, म्हणजे जोरात ब्रेक दाबल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा, आणि ड्रायव्हरची एअरबॅग सगळ्या मॉडेलांत होती, पण डावीकडच्या माणसाची एअरबॅग खालच्या मॉडेलांत पर्यायी होती आणि थोडे पैसे वाचवायला अनेकांनी ती घेतली नाही. मित्राच्या गाडीत डावीकडे ग्लोव्ह बॉक्सच्या वर डॅशबोर्डवर 'एसआरएस एअरबॅग' असं कोरलेलं आहे का बघा. आरसीवर आणि विम्याच्या कागदावर मॉडेलच्या नावापुढे कंसात 'ओ' आहे का तेही बघा. ती एअरबॅग नसेल तर, ताई, ही गाडी घेऊ नका. 74 वर्षांचे गृहस्थ त्या सीटवर बसून वर्षातून दोनदा मुंबई-गोवा हायवेने जाणार आहेत. तिथे 20-30 हजारांच्या बचतीचा हिशेब करायचाच नाही.

एअरबॅग असली तरी एक गोष्ट डोळसपणे स्वीकारावी लागेल. गाड्या आपटवून त्यांची सुरक्षा तपासणाऱ्या ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या 2019 च्या चाचणीत वॅगन आरला पाचपैकी 2 तारे मिळाले होते आणि 2023 मध्ये निकष कडक झाल्यावर 1. टियागोला जानेवारी 2020 मध्ये मोठ्यांच्या सुरक्षेसाठी 4 तारे मिळाले आणि त्याच सुमाराला आलेल्या नव्या टियागोत दोन्ही एअरबॅग सगळ्या मॉडेलांत आल्या. शहरात ताशी चाळीसने जाताना हा फरक जाणवणार नाही, वडखळच्या पुढे रात्री समोरून ट्रक आल्यावर जाणवू शकतो. टियागोची सीट खाली आहे, तीन सिलिंडरचं इंजिन उभ्या गाडीत थोडं थरथरतं, पण पत्रा आणि सांगाडा दणकट आहे. पॅलेटवर वॅगन आर बसली नाही, किंवा मित्राच्या गाडीत ती एअरबॅग निघाली नाही, तर 2020 नंतरची एका मालकाची टियागो शोधा. सासऱ्यांना खाली बसणं जमतंय ना, तेवढं आधी बघा. जमत नसेल तर 2022 किंवा त्यानंतरची कुठलीही उंच छोटी गाडी बघा, कारण तोपर्यंत पुढच्या दोन्ही एअरबॅग कायद्यानेच बंधनकारक झाल्या होत्या.

डीलरच्या त्या कल्याण पासिंगच्या ऑटोमॅटिकबद्दल माझं मत स्वच्छ आहे: सोडून द्या. दोन वर्षांनी जास्त जुनी असली तरी वर्गाने वरची, शिवाय ऑटोमॅटिक गाडी तुमच्या मित्राच्या वॅगन आरपेक्षा 45 हजारांनी स्वस्त मिळते, तेव्हा त्या कमी किमतीमागे काहीतरी कारण असतं. गाडी पाण्यात गेलेली असू शकते. जुलै 2019 मध्ये वांगणीजवळ महालक्ष्मी एक्सप्रेस पुरात अडकली होती, त्या दिवसांत बदलापूर-कल्याण पट्ट्यात किती पाणी होतं ते आठवत असेल. आणि 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदीने चिपळूणचं काय केलं ते तुम्हाला मी सांगायला नको. अशा पाण्यातून निघालेल्या गाड्या धुऊन, सीट कव्हरं बदलून, सुगंधी डबी लटकवून बाजारात येतात. बाहेरून त्या चकचकीत असतात, पण वायरिंगच्या जोडांत गंज आत आत सरकत राहतो आणि वर्षभराने कधी पॉवर विंडो जाते, कधी एअरबॅगचा दिवा पेटतो, कधी भर पावसात गाडी बंदच पडते.

हे तुम्ही स्वतः तपासू शकता आणि कोणतीही जुनी गाडी बघताना तपासाच. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बाहेर काढा. रोज वापरात नसलेला, आत गुंडाळलेला भाग गाडी धुणारेही धूत नाहीत, चिखलाची रेघ असली तर तिथे सापडते. सीटखाली हात घालून रुळांवरचा गंज बघा. डिकीतली चटई उचला, स्टेपनी काढा आणि खालच्या खड्ड्यात बोट फिरवा. काचा बंद करून पाच मिनिटं एसी न लावता गाडीत नुसत्या बसा, कुबट वास लपत नाही. हेडलाइटच्या आत वाफेचे डाग असतील तर कारण विचारा.

38 हजार किलोमीटरवरही माझा विश्वास नाही. मीटर मागे फिरवणं अवघड राहिलेलं नाही, पण पायाखालचं रबर फिरवता येत नाही. ब्रेकच्या (मॅन्युअल गाडीत क्लचच्याही) पॅडलचं रबर, स्टिअरिंगची चकाकी, ड्रायव्हर सीटची उजवीकडची कड, हे सगळं 38 हजारांशी जुळतं का ते बघायचं. सर्व्हिस सेंटरला गाडीचा नंबर दिला की पुष्कळ ठिकाणी मागच्या सर्व्हिसच्या नोंदी बघायला मिळतात, त्यात प्रत्येक वेळचं किलोमीटर लिहिलेलं असतं. मालक सोबत असेल तर नकार सहसा येत नाही. मित्राच्या गाडीसाठीही हे कराच.

आता तुमच्या शेवटच्या प्रश्नाकडे, कारण मला वाटतं खरी अडचण तीच आहे. मित्राला वाईट वाटेल म्हणून लोक ओळखीच्यांची गाडी न तपासता घेतात आणि सहा महिन्यांनी क्लच प्लेट गेली की गाडीपाठोपाठ मैत्रीही बिघडते. मित्राला फोन मिस्टरांनी करावा आणि सरळ म्हणावं, "बाबांना नेणार आहोत, म्हणून एकदा आमच्या मेकॅनिकला दाखवतो. जे काही निघेल ते तुलाही सांगतो, मग भाव बोलू." गाडी चांगली असेल तर त्याचाच भाव पक्का होतो. मेकॅनिक हजार-दोन हजार घेईल, ते तुम्ही द्या. आणि तो मित्राच्या ओळखीचा नको.

गाडी बघायला सकाळी जा आणि मित्राला आधीच सांगून ठेवा की आम्ही येईपर्यंत चालू करू नकोस. बॉनेटला हात लावून गार आहे याची खात्री करा. गार इंजिन पहिल्या झटक्यात चालू झालं पाहिजे, मागून निळसर धूर यायला नको. मग ती चढावर घ्या, तुमच्या भागात भांडुपच्या टेकडीकडे जाणारे चढ आहेतच. दुसऱ्या गिअरमध्ये इंजिनाचा आवाज चढतो पण गाडीचा वेग वाढत नाही, असं झालं तर क्लच प्लेट संपत आली आहे. एलबीएस मार्गावर संध्याकाळी सातला रांगत चालणाऱ्या गाड्यांची क्लच प्लेट 50-60 हजारांवरच हात टेकते, हायवेवरची गाडी लाखभर जाते, म्हणून मित्र गाडी कुठे चालवायचा हेही विचारा. मग एसी पूर्ण लावून गाडी एका जागी दहा मिनिटं उभी ठेवा. चालत्या गाडीत सगळेच एसी गार करतात, कमजोर एसी उभ्या गाडीत उघडा पडतो.

गंजाचं थोडं जास्त सांगतो, कारण मुंबईच्या गाड्यांचा तो खास आजार आहे. गाडी वरळी, माहीम, वर्सोवा अशा समुद्राला लागून असलेल्या जागी उघड्यावर उभी असायची का? दारांच्या खालच्या कडेची रबरी बीडिंग नखाने उचला, चाकांच्या वरच्या कमानीच्या आत हात घाला, सायलेन्सरच्या जोडाकडे बघा. पत्र्यावर फुगे आले असतील तर वरून रंग मारून ते थांबत नाहीत. एखाद्याच दाराच्या रबरावर रंगाचे बारीक शिंतोडे दिसले तर ते दार पुन्हा रंगवलेलं आहे. ओरखड्यासाठी रंगवलं असेल तर काही बिघडत नाही, आपटल्यामुळे असेल तर बिजागऱ्यांच्या बोल्टवर पान्याच्या खुणा सापडतील. टायरवर चार आकडी शिक्का असतो, 2319 म्हणजे 2019 चा 23 वा आठवडा. मूळ टायर असतील तर नक्षी कितीही दिसली तरी बदलावे लागतील, चार टायरचे सोळा-अठरा हजार धरा आणि भाव बोलताना ते पुढे ठेवा.

भावाबद्दल आणखी एक. 22 सप्टेंबर 2025 पासून छोट्या पेट्रोल गाड्यांवरचा जीएसटी सेस धरून 29 टक्क्यांवरून 18 वर आला. साडेपाच लाखांच्या आसपासची नवी गाडी त्यामुळे पन्नासेक हजारांनी उतरली, तेव्हा जुन्या गाडीची किंमतही उतरायलाच हवी. मित्राच्या डोक्यात अजून जुना भाव असू शकतो. त्याच्या चालू विम्यात आयडीव्ही, म्हणजे विमा कंपनीने धरलेली गाडीची किंमत, किती लिहिलाय ते बघा, बोलणी तिथून सुरू करा. टायर, सर्व्हिस आणि पुढचा विमा धरून गाडी तुम्हाला साडेतीन लाखांच्या आत पडली पाहिजे, म्हणजे त्याच्या हातात तीन ते 3 लाख 10 हजार.

आता दीर म्हणतात त्या नव्या गाडीचा हिशेब करू. एक्स-शोरूम साडेपाच लाख धरा. महाराष्ट्रात पेट्रोल गाडीला 11 टक्के रोड टॅक्स म्हणजे साठ हजार, त्यावर विमा, रजिस्ट्रेशन, मिळून ऑन-रोड साडेसहाच्या जवळ. दोन लाख भरून साडेचार लाखांचं कर्ज 9 टक्क्यांनी पाच वर्षांसाठी घेतलं तर हप्ता 9,300 च्या आसपास, आणि नुसतं व्याज एक लाख दहा हजार. मित्राची गाडी घेतली तर दीड लाखाचं कर्ज पुरतं. जुन्या गाडीला व्याज जास्त, 13 टक्के धरलं तरी तीन वर्षं पाच हजारांचा हप्ता, व्याज एकूण 32 हजार. महिन्याला चार हजारांचा फरक, तोही मुलगा नववी-दहावीला असताना.

तरीही दिरांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. 2025 पासून नव्या वॅगन आरमध्ये सहा एअरबॅग सगळ्या मॉडेलांत येतात, बेसमध्येसुद्धा, आणि तुमच्या वापराला ही गोष्ट कामाची आहे. शिवाय एप्रिल 2023 पासूनच्या गाड्यांचे भाग 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल चालेल असे असतात, 2019 च्या गाडीत इंधनाच्या नळ्या आणि रबरं सर्व्हिसमध्ये मुद्दाम तपासून घ्यावी लागतील. म्हणून माझा क्रम असा: मित्राच्या गाडीत दोन एअरबॅग निघाल्या, ती पॅलेटवर बसली आणि मेकॅनिकने मान डोलावली तर ती घ्या. एअरबॅग नसेल आणि महिनाभर शोधून 2022 नंतरची चांगली गाडी साडेचारच्या आत मिळाली नाही, तर नवी बेस घ्या आणि शोरूममधला ॲक्सेसरीज किट, हँडलिंग चार्जेस आणि त्यांचाच विमा, या तिन्हींना ठाम नाही म्हणा. विमा बाहेरून घेता येतो, त्यात इंजिन प्रोटेक्शनचं कव्हर मात्र जरूर घ्या. साचलेल्या पाण्यात बंद पडलेली गाडी पुन्हा चालू करायच्या प्रयत्नात इंजिन बसलं तर साधा विमा सहसा पैसे देत नाही.

सीएनजी नको. परळच्या फेऱ्या, शनिवार-रविवार आणि गावची सरासरी धरून तुमचं महिन्याचं धावणं चारशे-साडेचारशे किलोमीटर होईल. पेट्रोल 104 आणि गॅस 80 रुपये धरला तर महिन्याला सतराशेच्या आसपास वाचतील. नव्या गाडीत सीएनजीचे 90 हजारांच्या आसपास जास्त पडतात, ते फिटायला साडेचार वर्षं लागतील. आणि डिकीत सिलिंडर बसला की सासऱ्यांचा वॉकर कुठे ठेवणार? रोज साठ-सत्तर किलोमीटर करणाऱ्याने गॅसच्या रांगेत उभं राहावं, तुम्ही नको. मित्राच्या गाडीत बाहेरून किट बसवलेलं असेल तर ते आरसीवर चढलंय का आणि सिलिंडरची तीन वर्षांनी होणारी चाचणी झालीय का बघा, नाहीतर विम्याच्या वेळी अडकाल.

ऑटोमॅटिक? नव्या गाडीत एएमटी, म्हणजे मॅन्युअल गिअरबॉक्सलाच आपोआप गिअर बदलणारी यंत्रणा जोडलेली गाडी, घ्यायला हरकत नाही, जुनी मात्र अजिबात नको. गिअर बदलणारी यंत्रणा बिघडली की क्लचसकट खर्च येतो. तुम्ही लायसन्स मॅन्युअलवर काढलंय तर मॅन्युअलच चालवा. पहिले दोन रविवार सकाळी सहाला ईस्टर्न एक्सप्रेस हायवेवरून थेट परळपर्यंत जाऊन या, हॉस्पिटलचं गेट आणि उतरवायची जागा आधी बघून ठेवा. म्हणजे प्रत्यक्ष सासऱ्यांना नेताना रस्ता शोधायचा ताण राहणार नाही.

कागदांचं अगदी मोजकं. परिवहनच्या ॲपवर गाडीचा नंबर टाका: मालक कितवा, बँकेचा बोजा आहे का, विमा आणि पीयूसी कधीपर्यंत. बोजा असेल तर कर्ज फिटल्याचं बँकेचं पत्र आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 मित्राने आधी आणावा, त्याशिवाय पैसे नाहीत. पिवळ्या पाटीची, म्हणजे टॅक्सीवरून प्रायव्हेट केलेली गाडी तर नाही ना, हेही आरसीवरून कळतं. वॅगन आरच्या बाबतीत मुंबईत हे बघावंच लागतं. थकलेली ई-चलनं राज्याच्या वाहतूक पोलिसांच्या साइटवर दिसतात, ती मित्राच्या खर्चाने भरून घ्या. एप्रिल 2019 च्या आधीची नोंदणी असेल तर नवी हाय सिक्युरिटी नंबर प्लेट बसली आहे का तेही बघा. मालकी बदलायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या झाल्याशिवाय किल्ली घेऊ नका आणि दोन्ही किल्ल्या घ्या. नाव ट्रान्सफर 30 दिवसांत, विमा 14 दिवसांत तुमच्या नावावर करायचा असतो. मित्राचा नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, त्याच्याकडेच राहतो, तो गाडीबरोबर येत नाही, म्हणून त्याचा विमा "फुकट मिळतोय" असं कोणी म्हटलं तर कंपनीला फोन करून फरक किती भरावा लागेल ते आधीच विचारा.

टोकन द्यायचंच असेल तर पाच हजारांच्या वर नको, ऑनलाइन द्या, आणि मेसेजमध्ये लिहा: "मेकॅनिकच्या तपासणीनंतर आणि कागद बघून व्यवहार पक्का, नाहीतर रक्कम परत." मित्र असला तरी लिहा. पॅलेटची मोजलेली उंची आणि मेकॅनिक काय म्हणाला ते मला कळवा, मॉडेल ठरवताना काही अडलं तर पुढच्या अंकात उत्तर देईन.